घोट्याच्या पुढे

"इथनं पुढं काय नसतंय, बाई," तात्याबा म्हणाले आणि खुरप्याच्या टोकानं त्यांनी हवेतच एक आडवी रेघ मारली. "घोट्यापाशी संपतंय माणूस."

तात्याबा खोदकामावरचे मुकादम. गड्याला हाक मारून त्यांनी खड्ड्याच्या दक्षिण टोकाची माती काढायला लावली. तिथे ब्रश नाही, फुंकर नाही, सरळ कुदळ. दोन घमेली माती निघाली आणि काठावर ओतली गेली, मी बसले होते तिथून हातभर अंतरावर.

मांडीवरच्या फळीला मी आलेखाचा कागद लावला होता. सांगाडा क्रमांक चौदा. डोकं उत्तरेला, हात अंगालगत. पायांची हाडं मला जरा बारीक वाटली; पण बारीक हाडाची माणसं असतातच, म्हणून मी मापं लिहून मोकळी झाले. नडगी काढून झाली, तशी खाली एक ठाम रेघ ओढून मी चित्र बंद केलं. याआधी तेरा वेळा हेच केलं होतं. हात आपोआप थांबत होता.

"राणीसरकार आज गप का?" तात्याबांनी विचारलं.

राणीसरकार म्हणजे माझी केतकी, बावीस महिन्यांची. अंगानं अगदी लहानखोर. एका जुन्या घमेल्यात गोधडी घालून मी तिला खड्ड्याच्या काठावर बसवायचे. घमेल्याची कड पाठीला लागली की ती तासभर बसू शकायची. छावणीत सगळ्यांना वाटायचं, बाईंना पोर मातीत मळलेलं खपत नाही. मीच तसं वाटू दिलं होतं.

शहाऐंशी सालचा जानेवारी होता. निंबोरे नावाचं गाव, भीमेकडे जाणारी एक लहानशी नदी, आणि नदीकाठी गावकरी ज्याला पांढरी म्हणत ते टेकाड. घराच्या धाब्यावर घालायला लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथली पांढरी माती नेत आले होते. त्या मातीखाली तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली, म्हणून पुण्याहून घैसास सर विद्यार्थ्यांना घेऊन उत्खननाला आले होते. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. रेघ बरी म्हणून तीन महिन्यांचं रेखाटनाचं काम त्यांनी मला दिलं.

"पोरीला घेऊन येईन, सर," मी बिचकत म्हटलं होतं.

"आण की! तिथली माणसं सगळी आडवीच आहेत. कुणाची झोप मोडायची नाही."

माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, एक छापील अर्ज होता. वडिलांच्या सहीच्या जागी माझ्या नवऱ्याची, श्रीरंगची सही होती. आईची जागा कोरी होती. सोबत त्याचं मस्कतहून आलेलं पत्र. ते मला तोंडपाठ झालं होतं; त्यातले अप्पा म्हणजे माझे सासरे.

'वृंदा, चारही डॉक्टरांनी एकच सांगितलं, ती चालणार नाही. आता पाचवा नको. संस्था चांगली आहे, अप्पा स्वतः बघून आले. तिच्यासारखी चाळीस मुलं आहेत तिथे, शिकवतात, मालीश करतात. इथे तिच्यासाठी काही नाही. शाळा नाही, घरात दुसरं माणूस नाही. तू आलीस तर निदान आपण दोघं तरी माणसांसारखं जगू. जागा फेब्रुवारीअखेर धरून ठेवतील. सही करून अप्पांकडे पाठव, म्हणजे मी तुझ्या व्हिसाचं बघतो.'

श्रीरंग वाईट नव्हता. ती जन्मली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता. आणि 'दोघं तरी' हे शब्द वाचताना मला नुसताच राग आला असता तर बरं झालं असतं. पण मला मोहही होत होता. दोन वर्षांत मी सलग चार तास झोपले नव्हते. मस्कतच्या त्या न पाहिलेल्या घराला एक खिडकी असेल, खिडकीत मी चहा पीत उभी असेन, आणि कडेवर कुणी नसेल, हे चित्र मी कितीदा तरी काढून पुसलं होतं.

दुपारच्या पंगतीत सर नव्या मुलांना समजावून सांगत. "या लोकांत मोठं माणूस गेलं की घराच्या जमिनीखालीच पुरायचे. पुरण्याआधी पावलं घोट्यापासून तोडायचे. का? तर त्यानं उठून जाऊ नये. आपलं माणूस आपल्या घरात राहावं. लहान मूल गेलं, तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायचे. त्याची पावलं मात्र शाबूत."

"मुलांची का नाही तोडायचे, सर?" एका मुलीनं विचारलं.

"जे चालतच नाही ते कुठे जाणार?" सर म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी केतकीला वरणभात भरवत होते. तोंडाशी नेलेला घास तिथेच राहिला. तिनं माझं मनगट धरून तो ओढून घेतला.

पंगत हसतखेळत उठायची. मुलं नदीवर जायची, मुली वेण्या घालत उन्हाला बसायच्या. मला कुणी टाळत नव्हतं. पण पोरवाल्या बाईला काय बोलावायचं, असं त्यांना वाटत असावं. मी राहुटीत जाऊन केतकीच्या पायांना तेल चोळायची. ते पाय मऊ होते, कणकेच्या गोळ्यासारखे. तळव्यांना एकही चरा नव्हता.

टेकाडाशेजारच्या रानात त्या आठवड्यात धनगरांची मेंढरं बसवली होती. एका दुपारी त्यांच्यातली म्हाळाबाई विचारायला आली की भांडी घासायला तुमच्या विहिरीचं पाणी घेऊ का. पन्नाशीची, काटक, हिरव्या काठाचं लुगडं. पाणी घेऊन झालं तरी ती जाईना. माझ्या कडेवरच्या केतकीकडे बघत उभी राहिली.

"चालत न्हाई व्हय गं?"

इतक्या दिवसांत हे कुणी मोठ्यानं विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून "उशिरा चालेल" निघणार होतं. निघालं ते वेगळंच.

"नाही. चालणारच नाही म्हणतात."

"बरं," म्हाळाबाई म्हणाली. हळहळली नाही, नवस सुचवला नाही. तिनं केतकीची पोटरी दोन बोटांत धरून पाहिली, कोकराची बघावी तशी. "आमची सासू आठ वरसं चालत न्हाई. घोड्यावर बांधून नेतो. वर बसून माझ्या माहेराचा उद्धार करती."

"मग तिला गावी का ठेवत नाही?"

"कुणापाशी?" तिला प्रश्नच कळला नाही. "बिऱ्हाड हाललं की जे चालतंय ते चालायचं, जे चालत न्हाई ते उचलायचं. कोकरू असू दे, कोंबडी असू दे, न्हाईतर ती म्हातारी. मागं ऱ्हायला जागा कुठं असती आमाला?"

मग खड्ड्याकडे हनुवटी उडवून ती म्हणाली, "ह्ये लोक मेल्यालं तोडायचे म्हनं?"

"पावलं तोडायचे. घर सोडून जाऊ नये म्हणून."

"ज्याचं घर हालत न्हाई त्याचं ठीक हाय." तिनं घागर कमरेवर घेतली. "आमी तसं केलं तर आमचं मेल्यालं माणूस फुडच्या मुक्कामाला यायचं कसं?"

आणि ती उतारानं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौदा नंबरच्या चित्रावर शाई फिरवत होते. केतकी शेजारी घमेल्यात. माझे डोळे कागदावर असले तरी कान आणि पाठ तिच्याकडे असायची. गाल कसा हलतोय यावरून तिच्या तोंडात बिस्किट आहे की बटण, हे मला न बघता कळायचं. त्या दिवशी गाल निराळाच हलला. मी बोरू टाकला, बोट घालून ते बाहेर काढलं. शेंगदाण्याएवढं, मातकट. खडा असेल म्हणून फेकणार होते. पण तो मध्ये बारीक होता आणि दोन्ही टोकांना फुगीर.

असलं हाड मी कॉलेजात असताना पुस्तकातून काढलं होतं. पायाच्या बोटाचं.

केतकी हात लांब करून काठावरच्या ढिगाऱ्यातली माती चिवडत होती. तात्याबांच्या गड्यानं दक्षिण टोकाची जी दोन घमेली ओतली होती, तोच ढीग. मी तिथेच बसून बोटांनी माती चाळू लागले. आणखी एक निघालं. मग एक चपटं. मग टाचेचं, अर्धं, कुदळीनं ताजं तुटलेलं.

मी फळीवरचा कागद ओढून घेतला. हाडांकडे नाही, रेघेकडे पाहिलं. आमच्या कामात एक साधा नियम असतो: जिथे वस्तू खरोखर संपते तिथे भरीव रेघ, आणि जिथे पुढे काय आहे ते आपण पाहिलेलं नाही तिथे तुटक रेघ. मी चौदाच्या चौदा चित्रं भरीव रेघेनं बंद केली होती. पुढे न बघता.

सर राहुटीत नकाशात डोकं घालून बसले होते. मी रुमाल उघडून समोर ठेवला.

"कुठलं?"

"चौदा नंबरचं, सर. केतकीच्या तोंडातून काढलं."

ते हसले नाहीत. त्यांनी भिंग घेतलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तात्याबाला बोलाव."

तात्याबा आले, हाडं पाहिली आणि टोपी काढून हातात धरली. तीस वर्षं ते सरांबरोबर खणत होते. "साहेब, पलीकडच्या खड्ड्यात खालच्या थराला आपन एकेक कन ब्रशनं काढला. पावलं न्हवतीच. मग हितं वरच्या थराला म्हनलं, उगा कशाला येळ घालवा..."

"माझीही चूक आहे," मी म्हटलं. "मी तिथे होते. मी रेघ बंद केली."

"आणि मी तपासून सही केली," सर म्हणाले. "झालं ते झालं. वरच्या थरातले किती?"

चार होते: अकरा, बारा, तेरा आणि चौदा. अकरा-बाराची माती गड्यांनी नदीच्या कडेला नेऊन टाकली होती, ती गेली. तेराचा ढीग कुंपणाशी शाबूत होता. सगळी छावणी चाळण्या घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत तेरा नंबरची टाच निघाली आणि सात बोटांची हाडं.

सर मातीनं भरलेल्या हातांनी उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला होता. "खाली चौकोनी घरं, गव्हाची कोठारं, आणि सगळ्यांची पावलं तोडलेली. वर आलो की नदी आटत चाललेली, घरं लहान, गोल, झोपडीवजा. धान्य कमी, मेंढ्यांची हाडं जास्त. आणि पावलं शाबूत! तीच माणसं, तीच नदी. दोनशे वर्षांत त्यांनी मेलेल्यांचे पाय तोडणं सोडलं. का सोडलं?"



"त्यांना पुढच्या मुक्कामाला जायचं असेल," मी म्हटलं. "मेलेल्यांना मागून यायला पाय नकोत का?"

"हे कुणी सांगितलं तुला?"

"शेजारच्या धनगरणीनं."

मुलं फिसकन हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी टिपलं.

चौथ्या दिवशी हाडांच्या तज्ज्ञ सरदेशमुख बाई पुण्याहून आल्या. जाड चष्मा, सतत चहा, आणि बोलणं तोफेसारखं. तेरा नंबरपाशी त्यांनी दहा मिनिटं घालवली. चौदा नंबरपाशी उकिडव्या बसल्या त्या उठेनातच. चहा दोनदा निवला.

"हे चित्र कुणी काढलं?"

"मी," मी घाबरत म्हटलं. केतकी कडेवर होती.

"मांडीच्या हाडाची जाडी बरोबर मोजलीस?"

"दोनदा मोजली."

"मग मला का नाही कळवलंत कुणी? घैसास, इकडे या. हात लावू नका, नुसतं बघा. चालणाऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडाला मागे असा खरखरीत कंगोरा असतो, स्नायू तिथे चिकटतात. इथे बघा. काचेसारखं गुळगुळीत. ही कधी चाललेलीच नाही."

"ही?" सर म्हणाले.

"मुलगी असावी असं मला वाटतं. कागदावर लिहू नका, या वयाला खात्री देता येत नाही. पंधरा वर्षं, फार तर सोळा."

"पंधरा वर्षं न चालता?"

"जन्मापासून. दात बघा, चावून झिजलेले आहेत, जेवण बरं मिळालंय. खुब्याचं हाड बघा. एका अंगावर पडून राहिलेल्याचं हाड सडतं. हिचं स्वच्छ आहे. कूस बदलत होतं कुणीतरी. रोज." बाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही म्हणता ही माणसं मेंढ्यांमागे हिंडायला लागली होती ना? मग हिलाही हिंडवत होते. पंधरा वर्षं."

सर कुणाला तरी सांगत होते की हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुलं कॅमेरा आणायला धावली. तात्याबा खड्ड्याच्या काठावर गुडघ्यावर बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, केतकीच्या लोंबणाऱ्या पायांकडे बघत होते. इतक्या दिवसांत तेव्हा त्यांना कळलं.  हात पुसला, तिचा एक तळवा मुठीत धरला आणि सोडला.

"ऊन लागतंय राणीसरकारांस्नी," ते म्हणाले. "सावलीला न्या."

मी सावलीला गेले नाही. मला म्हाळाबाईला सांगायचं होतं. उतार उतरून रानात गेले, तर बिऱ्हाड निघालं होतं. मेंढरं पुढे गेली होती, त्यांची धूळ अजून हवेत होती. शेवटच्या घोड्यावर भांडी, जाळं, दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोरीनं बांधलेली एक म्हातारी. घोडा ओढ्यात उतरताना तोल गेला तशी ती खणखणीत आवाजात ओरडली, "अगं भवाने, मारतीस का मला! हेच शिकिवलं का तुझ्या आयशीनं?"

पुढून म्हाळाबाईचा आवाज आला, "आत्याबाय, गप बसा, न्हाईतर पायी चालवीन!"

म्हातारी इतकी हसली की कोंबड्या फडफडल्या. मी हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग रान नुसतं लेंड्यांनी भरलेलं आणि रिकामं होतं, आणि माझा खांदा भरून आला होता, म्हणून मी केतकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

त्या दुपारी मी चौदा नंबरचं चित्र पुन्हा काढलं. नवा कागद घेतला, भरीव रेघ सोडून दिली, पावलं काढली; जी हाडं सापडली ती शाईनं, जी सापडली नाहीत ती तुटक. तेराचंही तसंच केलं; अकरा आणि बाराच्या चित्रांतली ठाम रेघ ब्लेडनं खरवडली आणि तिथेही तुटक रेघ दिली. मग ट्रंक उघडून अर्ज काढला. आईच्या सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली, ती भरीव मारली, आणि अर्ज श्रीरंगलाच परत पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या. तुझा राग नाही, लिहिलं. ती चालणार नाही हे मला मान्य आहे, लिहिलं. माझ्या व्हिसाचं बघू नकोस, लिहिलं. चौथी ओळ तीनदा खोडली, ती काय होती ते आता आठवत नाही.

त्याचं उत्तर सव्वा महिन्यानं आलं. तो दोनदा येऊनही गेला. त्याच्या नोकरीचा पाच वर्षांचा करार दहा वर्षांचा झाला, पत्रं पानभराची अर्ध्या पानाची झाली, मग नुसती दिवाळीची शुभेच्छापत्रं. त्याला मी दोष देत नाही. सगळ्यांच्याच अंगात ते बळ असतं असं नाही, आणि माझ्याही अंगात ते रोज नव्हतं. सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले. मस्कतच्या त्या खिडकीचं चित्र मात्र पुढेही बरीच वर्षं मधूनमधून दिसायचं; कडेवर कुणी नसलेली मी, आणि चहा.

गेल्या वर्षी कळलं की निंबोऱ्याचे सांगाडे पुण्याच्या एका संग्रहालयात मांडलेत. केतकी अडतीस वर्षांची आहे, घरून भाषांतरं करते, आणि माझ्यापेक्षा फटकळ आहे. तीच म्हणाली, "जिचं बोट मी खाल्लं, तिला भेटायला नको?"

आठवड्याच्या मधला दिवस होता. दालनात आम्ही दोघीच. चाकांची खुर्ची मी काचपेटीपाशी नेली. पेटी आडवी होती, कमरेच्या वर. कडेला पाटी होती, ती केतकीनं मोठ्यानं वाचली. "सांगाडा क्रमांक चौदा. वरचा थर. वय अंदाजे पंधरा. पावले शाबूत, बदलत्या, भटक्या जीवनपद्धतीशी संबंध असावा." ती थांबली. "एवढंच? चालत नव्हती, हे नाही लिहिलं?"

"जागा कमी असेल."

"आणि हिला उचलायचं कोण?"

"ते हाडांवरून कळत नाही."

 पाटीखाली माझं चित्र छापलं होतं, नाव नव्हतं. तुटक रेघा छपाईत जरा जाड आल्या होत्या. मग तिनं खुर्चीचा ब्रेक लावला आणि दोन्ही हात वर केले, लहानपणी करायची तसे.

"आई, वर घे ना. इथून मला नुसती काच दिसते."

माझे गुडघे गेलेत, हे तिला ठाऊक आहे. डॉक्टरांनी वजन उचलू नका असं बजावलंय, हेही. मी इकडेतिकडे पाहिलं, हाक मारावी असं कुणी नव्हतं. मग वाकले, तिच्या काखेत हात घातले, आणि दात आवळून उचललं.

"दिसली?"

"थांब," ती म्हणाली. "अजून बघते आहे."